नऊ पोती नरसाळी

सरांनी 'मांजर' एका बैठकीत उरकलं. 'माणूस' या शब्दाने जरा दमवलं, पण तो कुणाला दमवत नाही? 'माती', 'माथा' आणि 'मामा' तर चहा निवायच्या आत झाले. गाडं अडलं ते 'माल' या शब्दाशी.

शाळकरी मुलांसाठी एक सोपा शब्दकोश निघायचा होता आणि मंडळाने निवृत्त शिक्षकांना त्यातली अक्षरं वाटून दिली होती. सरांच्या वाट्याला 'म' आलं. उभा जन्म भाषा शिकवून घरी बसलेल्या माणसाकडे आलेलं हे पहिलंच काम, आणि खरं सांगायचं तर एकमेव. ते आल्यापासून सर पुन्हा सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून स्वतःच्याच बाहेरच्या खोलीतल्या टेबलाशी वेळेवर हजर होऊ लागले होते, आणि त्या वेळात घरात कुणी मिक्सर लावलेला त्यांना खपत नसे. 'भ' मात्र त्यांच्याच शाळेतल्या भूगोलाच्या सरांकडे गेलं होतं. ज्या गृहस्थाने आयुष्यभर नकाशे टांगले आणि उतरवले, त्याला भाषेचं काम मिळावं हे सरांच्या मनाला लागलं होतं. आणि त्या गृहस्थाने ते मुदतीच्या आधी पुरं करून टाकावं, हे तर फारच लागलं होतं.

'माल'ची नोंद सरांनी पहिल्या झटक्यात अशी लिहिली : 'क्रयविक्रयार्थ संचित केलेली पदार्थसंपत्ती.' लिहून झाल्यावर त्यांनी ती मोठ्याने वाचली आणि चष्मा पुसला. दोन दिवसांनी नोंद परत आली. कोशाच्या संपादकबाई म्हणजे सरांचीच एके काळची विद्यार्थिनी. तिच्या निबंधांवर सरांनी लाल शाईने 'वायफळ' असा शेरा मारल्याचं सरांना आठवत नव्हतं, पण तिला आठवत असावं, कारण तिची शाईही लाल होती. 'सर, मुलांना माल म्हणजे काय ते कळतं. ही व्याख्या कळणार नाही.'

सरांनी अपमान गिळला आणि दुसरी व्याख्या पाठवली : 'विकण्यासाठी ठेवलेली वस्तू.' तीही परत. 'टेम्पोत भरलेला माल ठेवलेला असतो का, सर? लोक बोलताना हा शब्द कसा वापरतात ते प्रत्यक्ष ऐकून लिहाल का? शुक्रवारपर्यंत नाही जमलं तर मी येऊन 'म'चे कागद घेऊन जाते. भूगोलाचे सर रिकामेच आहेत.'

हे शेवटचं वाक्य सरांनी बायकोला वाचून दाखवलं नाही. पण तिने ते त्यांच्या चेहऱ्यावर वाचलं. सरांच्या बायकोला सगळी इमारत वहिनी म्हणते. माणूस चिडलाय की घाबरलाय, हे वहिनींना त्याच्या जेवणावरून कळतं.

"अहो, घरात बसून तो शब्द कसा सापडेल?" वहिनी म्हणाल्या. "आपण घरात कधी माल म्हणतो का? आपण सामान म्हणतो. बाजारात जा, चार माणसांत उभे राहा, ऐका. आणि येताना लिंबं आणा."

सर गेले ते डब्या-बादल्यांच्या घाऊक गल्लीत. दोन्ही बाजूंना दुकानं, दुकानांवर माळा करून टांगलेल्या बादल्या, आणि मधल्या अरुंद वाटेत हातगाड्या. "बाजू! माल येतोय, बाजू!" असं कुणीतरी मागून ओरडलं. बाकीचे लोक बाजूला झाले. सर त्या वाक्यातली क्रियापदाची गंमत बघत उभे राहिले, त्यामुळे पिंपांचा एक भारा त्यांच्या खांद्याला चांगलाच घासून गेला. अर्थ अंगाला लागणं म्हणजे काय, हे सरांना प्रथमच कळलं.

पहिल्या दुकानात त्यांनी नम्रपणे विचारलं, "आपण 'माल' हा शब्द कोणत्या अर्थाने वापरता?" दुकानदाराने त्यांच्या इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं, खिशातल्या दोन पेनांकडे पाहिलं आणि आत बघून हाक मारली, "अरे, करवाले आलेत, बिलं काढा." पुढच्या दुकानात 'वर्गणी दोनदा देत नाही' असं ऐकून घ्यावं लागलं. तिसऱ्या दुकानातले शेठ मात्र पेनच्या टोपणाने कान कोरत निवांत बसले होते. त्यांनी प्रश्न ऐकून घेतला, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "बसा."

शेठचा आयुष्यभराचा अनुभव असा, की जो आल्या आल्या भाव विचारतो तो फुकट्या, आणि जो लांबून, वळणावळणाने बोलतो तो खरा मोठा खरेदीदार. सरांइतका वळणावळणाने बोलणारा माणूस त्यांच्या गादीवर आजवर आला नव्हता. त्यांनी चहा मागवला.

"माल म्हणजे काय, असं विचारताय?" शेठ म्हणाले. "माल उठतो, माल बसतो. खपला तर चालू माल, नाही खपला तर पडलेला माल. माल अडकतो, माल सुटतो. आज माल हलला नाही की जेवण जात नाही."

"अहाहा," सर म्हणाले. "अजून?"

"अजून म्हणजे हा बघा." शेठने मागे हात घालून पत्र्याचं एक नरसाळं काढलं. "एक नंबर माल. सुटा देत नाही. घेतला तर अख्खा लॉट. आणि आमच्या गल्लीत कागदबिगद काही नसतो. नमुना घरी न्यायचा, पाणी ओतायचं, आपटून बघायचा. दिवे लागायच्या आत नमुना परत आला, तर तुम्ही मोकळे, आम्ही मोकळे. नाही आला, तर लॉट तुमचा. सकाळी माल दारात."

सरांनी डोळे मिटले. "पुन्हा म्हणता का एकदा?"

शेठने पुन्हा सांगितलं. सरांनी शब्दन् शब्द मनात घोळवला. वाक्यं कशी आखूड! 'तुम्ही मोकळे, आम्ही मोकळे' यात तर एका अक्षराची जागा बदलायला वाव नव्हता. "फार सुंदर," सर म्हणाले. आपल्या मालाची अशी तारीफ शेठनेही कधी ऐकली नव्हती. त्यांनी नरसाळं सरांच्या हातात ठेवलं. निरोपसमारंभात मिळालेल्या भिंतीवरच्या घड्याळानंतर सरांना कुणी काही दिलं नव्हतं. त्यांना भरून आलं. आणखी काही सुचलं तर कळवा, असं म्हणून त्यांनी आपलं नाव-पत्ता असलेलं कार्ड शेठना दिलं. शेठने ते वजनाखाली नीट ठेवलं.

संध्याकाळी सर घरी पोचले तेव्हा लिंबं विसरली होती, पण वाक्य पूर्ण शाबूत होतं. दार उघडल्या उघडल्या त्यांनी ते वहिनींना म्हणून दाखवलं. नमुना घरी न्यायचा, पाणी ओतायचं, तिथपासून ते माल दारात, तिथपर्यंत. "काय भाषा आहे!" ते म्हणाले. "आणि हे आपण पुस्तकात शोधतो."

"ते खरं," वहिनी म्हणाल्या. "पण तुमच्या हातात काय आहे?"

"हा ना? नमुना."

वहिनींनी खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या इमारतीत एक दिवा लागला. मग त्याच्या शेजारचा लागला. सर दाराशी तसेच उभे होते, आणि त्यांच्या मनातलं ते सुंदर वाक्य पहिल्या शब्दापासून पुन्हा सुरू झालं. या खेपेला त्याचा अर्थही कळू लागला.

"चपला काढू नका," वहिनी म्हणाल्या. "पळा."

सर पळाले. निवृत्तीनंतर ते पहिल्यांदाच पळत होते. गल्लीत पोचले तेव्हा दिवे लागून शटर बंद झालं होतं. शटरखालच्या फटीतून नरसाळं आत सारता येईल का, हे त्यांनी गुडघे टेकून बघितलं. निमुळतं टोक सहज जात होतं. पण नरसाळं ज्या कारणासाठी नरसाळं असतं, ते दुसरं टोक जाईना. एका हातगाडीवाल्याने थांबून काय हरवलंय ते विचारलं. "काही नाही," सर म्हणाले आणि शर्ट झटकत उठले.

सकाळी टेम्पो आला. नऊ पोती होती.

"त्यांना सरळ सांगा, चूक झाली म्हणून," वहिनी खिडकीतून बघत म्हणाल्या.

"काय सांगू? नियम कळला नाही म्हणून? त्या माणसाने मला तो दोनदा सांगितला. मी दाद दिली. 'फार सुंदर' म्हणालो." सरांचा आवाज चिरकला. शब्दाला जागण्याचा धडा त्यांनी वर्गात इतक्यांदा शिकवला होता की आता मागे फिरण्याची सोय राहिली नव्हती. पेन्शनच्या फरकाचे पैसे कपड्यांच्या मशीनसाठी बाजूला ठेवलेले होते, ते टेम्पोवाल्याच्या हाती गेले. वहिनी न्हाणीघरात जाऊन धुण्याच्या बादलीकडे थोडा वेळ बघत उभ्या राहिल्या आणि मग परत आल्या.

खरी गंमत पुढे होती. इमारतीच्या लिफ्टमध्ये एक पाटी आहे : 'लिफ्टमधून माल नेण्यास सक्त मनाई आहे. हुकमावरून.' ज्यांच्या हुकमावरून, ते सोसायटीचे सेक्रेटरी तळमजल्यावर राहतात. मोठ्या बँकेत मोठ्या टेबलामागे नोकरी झाली, म्हणून त्यांना सगळे बँकवाले म्हणतात. टेम्पोचा आवाज ऐकून ते पायजम्यावरच बाहेर आले, पण कागद लावलेला पॅड त्यांच्या काखेत होता.

"सर, हे काय?"

"नरसाळी."

"ते दिसतंय. मी विचारतो, हा माल आहे की सामान?"

सरांनी चष्मा सावरला. "फरक काय पडतो?"

"फरक? सामान असेल तर लिफ्टने जाईल. माल असेल तर जिन्याने. शिवाय राहत्या घरात माल साठवल्याचा दंड, शिवाय वार्षिक सभेत विषय निघणार. पण मी कशाला ठरवू? तुम्ही भाषेचे माणूस. इमारतीत तुमच्याइतका अधिकारी दुसरा कोण? तुम्हीच सांगा, माल कशाला म्हणायचं?"

सर चौथ्या मजल्यावर राहत होते. त्यांनी एकदा जिन्याकडे पाहिलं आणि संपादकबाईंनी नापास केलेली व्याख्या झटकून पुढे केली. "विकण्यासाठी ठेवलेली वस्तू."

"आणि ही विकायची नाहीत?"

"छे."

"मग करायचं काय त्यांचं?"

"वापरायची आहेत."

बँकवाल्यांनी पोती पाहिली. पोत्यातल्या एका भोकातून एक नरसाळं त्यांच्याकडे बघत होतं. "घरात तुम्ही दोघंच ना?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पॅड पुढे केला. सरांनी लिहिलं : 'सदर नरसाळी ही सर्वस्वी वैयक्तिक व घरगुती वापरासाठी असून त्यांच्या विक्रीचा कोणताही हेतू नाही.' बँकवाल्यांनी खाली शिक्का मारला. पोती दोन-दोन करून वर गेली, आणि प्रत्येक फेरीला बँकवाले लिफ्टचं दार धरून 'सामान, सामान' म्हणत होते.

बाहेरच्या खोलीत आता टेबल दिसेनासं झालं. सरांच्या खुर्चीपर्यंत जायला दोन पोत्यांमधून अंग चोरून जावं लागे. दुपारी वहिनींनी एका पोत्याची सुतळी सोडली. "एक काढून घेते हो, तेलाला बरं पडेल."

"हात लावू नकोस!" सर ओरडले. "माल आहे तो!"

बाहेरचं दार सताड उघडं होतं. वहिनींनी आधी ते लावलं आणि मग कमरेवर हात ठेवून वळल्या. "लिफ्टमध्ये सामान, घरात माल. काय ते एक ठरवा बाई तुम्ही."

सरांच्या डोक्यात प्रकाश पडला. ते अंग चोरून टेबलापर्यंत गेले आणि लिहू लागले. 'माल : घरात असूनही घरच्यांनी वापरायची नाही अशी वस्तू.' त्यांनी ती वहिनींना वाचून दाखवली.

"म्हणजे आपला पाहुण्यांसाठी ठेवलेला कपांचा सेट," वहिनी म्हणाल्या.

सरांनी कागद चुरगळला.

बातमी चारी मजल्यांवर पसरायला वेळ लागला नाही. जिन्यात भेटणारा प्रत्येक जण थांबे. "सर, एवढी नरसाळी?" "वैयक्तिक वापर," सर म्हणत आणि पुढे सरकत. वैयक्तिक वापर म्हणजे नक्की काय, यावर लोकांनी आपापल्या परीने विचार केला. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी हा कानाचा किंवा पोटाचा एखादा अवघड उपचार असणार असं ठरवलं आणि हळूच एका डॉक्टरांचा नंबर आणून दिला. "ते असल्या गोष्टी बाहेर बोलत नाहीत," त्या सरांच्या हातावर थोपटत म्हणाल्या. बँकवाल्यांनी तर रोज संध्याकाळी येऊन पोत्यावर बसून सल्ला द्यायचा परिपाठच ठेवला. पत्रा महागणार आहे, त्यामुळे निदान दोन पोती तरी दहा वर्षं मोडू नका, असं त्यांचं म्हणणं. "पण विकायची नाहीत हं," उठताना ते आठवण करत. "अर्ज फाइलला आहे."

गुरुवारी सर एक नरसाळं कापडी पिशवीत लपवून हार्डवेअरच्या दुकानात गेले. दुकानदाराने ते उजेडात धरलं. "माल कसा आहे?"

कोणतीही वस्तू पुढे करून 'कशी आहे' विचारलं की सरांच्या हातून एकच गोष्ट होते. "खरं सांगू? शंभरपैकी पंचावन्न," ते म्हणाले. "सांध्याला कथलाचा डाग दिलाय तो बरा आहे. काठ मात्र खरखरीत. कडीकडे तर अजिबात लक्ष दिलेलं नाही."

"विकायला आलाय ना तुम्ही?"

"हो. पण पास आहे. नापास म्हणत नाही मी."

दुकानदाराने नरसाळं परत पिशवीत घातलं. पुढच्या दुकानातला तरुण मालक तेवढंही बोलला नाही. त्याने नरसाळ्याकडे न बघता सरांकडे पाहिलं आणि म्हणाला, "पडलेला माल दिसतोय, आजोबा. असला माल कोण उचलतं हल्ली?"

'आजोबा' हा शब्द सरांना पिंपांच्या भाऱ्यापेक्षा जास्त लागला. घरी येऊन ते एका पोत्यावर बसले. इस्त्रीचा शर्ट मागे पोत्याला घासत होता, पण त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

"उद्या ती येईल आणि कागद घेऊन जाईल," ते म्हणाले. "बरोबरच आहे तिचं. एका शब्दाचा अर्थ सांगता आला नाही मला. मीही पडलेलाच माल आहे. शाळेने उतरवून ठेवला, आता कुणी उचलत नाही."

वहिनी समोरच्या पोत्यावर बसल्या. नवरा खरंच रडवेला झालाय हे त्यांना दिसत होतं, आणि त्यांनाही वाईट वाटत होतं. पण दोघांनी एकदम रडून भागणार नव्हतं.

"तसं म्हणाल तर," त्या म्हणाल्या, "मीही तुम्हाला नमुना म्हणूनच बघायला आले होते. दिवे लागले, परत करायचा राहून गेला. अख्खा लॉट गळ्यात पडला. मी केली का कुठे तक्रार?"

सरांना हसू आलं, आणि हसू आल्याचा रागही आला. "तुला चेष्टा सुचते," ते म्हणाले, पण त्या रात्री जेवले बऱ्यापैकी.

शुक्रवारी सकाळी वहिनी भांड्यांचं साबणपाणी आणायला कोपऱ्यावर गेल्या. तिथे एक जण मोठ्या पिंपातून सुटं साबणपाणी विकतो. घरून बाटली न्यायची आणि त्याने भरून द्यायची. वहिनींनी बाटलीबरोबर सरांचा तो पिशवीतला नमुनाही नेला, कारण दर खेपेला अर्धं साबणपाणी बाटलीबाहेर सांडतं आणि पैसे मात्र पूर्ण द्यावे लागतात. साबणवाल्याने नरसाळं लावलं, ओतलं, आणि थेंबही बाहेर गेला नाही. रांगेतल्या बायका म्हणाल्या, असं आम्हाला पण द्या की. साबणवाल्याने नरसाळं उलटसुलट करून बघितलं. "वहिनी, हे कुठे मिळालं?"

"कुठे मिळालं ते विचारू नका," वहिनी म्हणाल्या. "किती पाहिजेत ते सांगा."

साबणवाला दुकान भाच्यावर टाकून वहिनींच्या मागोमाग वर आला, आणि त्याच्या मागोमाग, लिफ्टच्या पुढच्या फेरीत, संपादकबाई आल्या. सरांनी दोघांना एकदमच आत घेतलं. बाईंना बसायला पोतं दिलं. त्यांनी आल्या आल्या टेबलावरचा 'म'चा गठ्ठा उचलला, कडा जुळवल्या आणि आपल्या पिशवीत घातला. "सॉरी, सर," त्या म्हणाल्या. त्यांना मनापासून वाईट वाटत होतं, आणि त्यामुळे सरांना जास्तच वाईट वाटलं.

तोवर साबणवाल्याने पोत्यात हात घालून मूठभर नरसाळी बाहेर काढली होती. "माल बरा आहे," तो म्हणाला. "पण काठ खरखरीत आहेत."

कालपर्यंत सर म्हणाले असते, 'आहेतच.' पण गठ्ठा पिशवीत गेला होता, आता गमवायला काही उरलं नव्हतं आणि कुणीतरी आपल्या नरसाळ्यांना बरं म्हणालं होतं. "काठाने साबण ओतणार आहात की तोंडाने?" सर म्हणाले. "माल हातात घेऊन बोला. सुटा देणार नाही. घेतला तर लॉट."

"सगळा?"

"सगळा. पाहिजे तर एक न्या, पाणी ओता, आपटून बघा."

संपादकबाईंनी मान वर केली.

नेमक्या याच वेळी दारातून आवाज आला, "माल?" बँकवाले पॅडसकट उभे होते. "सर, मी ऐकलं. आपण 'माल' म्हणालात. 'लॉट'ही म्हणालात. अर्जात आपण लिहून दिलंय की हे सामान आहे. दोन्हींतलं खोटं कुठलं?"

सामान म्हणावं तर साबणवाला जिना उतरणार आणि नऊ पोती जन्माची उरावर राहणार. माल म्हणावं तर ज्या मुलीला आपण शुद्ध आणि खरं लिहायला शिकवलं, तिच्यासमोर आपल्या सहीचा खोटा अर्ज निघणार. वहिनींनी स्वयंपाकघराच्या दारातून सरांकडे पाहिलं. सर उठून उभे राहिले. वर्गात प्रश्न आला की ते उभं राहूनच उत्तर देत.

"साहेब," ते म्हणाले, "खोटं काहीच नाही. इतके दिवस हा माल नव्हताच. मी घेऊन फिरलो, कुणी उचलला नाही. घरात वापरता येईना. ही नुसती अडगळ होती, आणि अडगळीला तुमच्या अर्जात सामानच म्हणतात. आत्ता हे गृहस्थ आले, पोत्यात हात घातला, आणि 'सगळा?' असं विचारलं. त्या क्षणी याचा माल झाला. वस्तू कितीही चांगली असो, साहेब, कुणीतरी मागितल्याशिवाय ती माल होत नाही. कुणीतरी मागावं लागतं." त्यांनी शेजारच्या पोत्यावर हात ठेवला. "आणि यांनी पैसे दिले की संपलं. मग ते यांचं सामान. देणारा आणि मागणारा समोरासमोर आहेत, तेवढ्या वेळापुरताच तो माल."

बँकवाले विचारात पडले. "म्हणजे माल एकूण किती वेळ होता?"

"पाच-दहा मिनिटं."

"दंड महिन्यावर आहे," बँकवाले हताशपणे म्हणाले. "मिनिटांचा दर ठरावात नाही." मग ते साबणवाल्याकडे वळले. "तुम्ही पुढे विकणार का ही?"

"छे हो. बाटलीमागे एक फुकट देणार."

"पैसे दिले?"

साबणवाल्याने तिथल्या तिथे दिले. वहिनींनी घेतले आणि कपाटात ठेवले.

"मग आता हे आपलं खाजगी सामान," बँकवाल्यांनी जाहीर केलं, आणि स्वतः पुढे जाऊन लिफ्टचं दार धरलं. बाहेर पोती सरकू लागली, आणि प्रत्येक पोत्याला ते 'सामान, सामान' म्हणू लागले. खोलीत हळूहळू टेबल दिसलं, खुर्ची दिसली, फरशी दिसली. संपादकबाई बसल्या होत्या ते पोतंही गेलं, तेव्हा त्या खुर्चीत बसल्या आणि भराभर काहीतरी लिहू लागल्या.

"सर, बघा हे," त्यांनी कागद पुढे केला. सरांचा हात सवयीने खिशातल्या लाल पेनकडे गेला. कागदावर लिहिलं होतं : 'माल : विकण्यासाठी असलेली आणि कुणीतरी मागत असलेली वस्तू. कुणी मागेनासं झालं की पडलेला माल.' सरांनी ते दोनदा वाचलं आणि पेन उघडलं नाही.

संपादकबाईंनी पिशवीतून 'म'चा गठ्ठा बाहेर काढला, तो कागद त्याच्यावर ठेवला आणि सगळं मिळून टेबलावर, सरांच्या बाजूला सरकवलं. सरांनी गठ्ठ्याच्या कडा पुन्हा एकदा जुळवल्या.

"फक्त उदाहरण राहिलं, सर," त्या म्हणाल्या. "मुलांना कळेल असं एक छोटं वाक्य."

वहिनी शेवटच्या पोत्याखालची धूळ झाडत होत्या. त्या कंबर धरून सरळ झाल्या, रिकाम्या खोलीकडे डोळे भरून बघितलं आणि म्हणाल्या, "लिही. माल गेला एकदाचा."

संपादकबाईंनी हसून लिहिलं आणि थांबल्या. "सर, 'एकदाचा' ठेवू की काढू?"

"ठेव," सर म्हणाले. "त्याच्याशिवाय अर्थ पुरा होत नाही."